अर्ज चेल्टनहॅमला, बैठक पेणला

पेणहून परदेशी जाणाऱ्यांत पहिला मान गणपतीचा. आपण आंब्याच्या मोहोराकडे डोळे लावून बसलेले असतो, तेव्हाच हमरापूर-जोह्याकडच्या कारखान्यांतून मूर्ती खोक्यांत बसतात, न्हावा-शेव्याला कंटेनरमध्ये चढतात आणि लंडन, मॉरिशस, अमेरिका, जिथे कुठे मराठी माणूस आरतीला उभा राहतो तिथे बोटीने वेळेआधी पोचतात. त्यांना कोणी विचारत नाही की बाबा, तू इकडे का येतोस, या विषयाची गोडी तुला कधी लागली, आणि तुझ्या वडिलांच्या खात्यात सलग अठ्ठावीस दिवस किती शिल्लक होती. त्यांच्या वडिलांची एकंदर राहणी बघता हे बरंच आहे म्हणायचं.

माणसाच्या पोराला मात्र हे सगळं विचारतात. माझा भाचा बारावीला गेला आणि त्याने इंग्लंडात जाऊन पदवी करायची काढली, तेव्हा आम्हाला हे समजलं. भावोजींचा पेणला गणपतीचा कारखाना. ताईने रोह्याला मला फोन केला, "तू ये. फॉर्म भरायचाय." माझी उभी हयात कचेरीत अर्ज घेण्यात गेली. सातबाऱ्यापासून नॉन-क्रीमीलेअरपर्यंत कोणता कागद कोणत्या कागदाला टाचायचा हे मला झोपेतसुद्धा सांगता येतं. तेव्हा दिवा गाडी पकडून मी पेणला उतरलो ते पिशवीत कोर्ट फी स्टॅम्प, रेव्हेन्यू तिकिटं आणि टाचण्यांची डबी घेऊनच.

यातलं काहीही लागलं नाही. ब्रिटनमधल्या जवळपास सगळ्या विद्यापीठांचे पदवीचे अर्ज युकास नावाच्या एकाच संस्थेकडे जातात. तिची कचेरी चेल्टनहॅम नावाच्या गावी. अर्ज ऑनलाइन. प्रतिज्ञापत्र नाही, खरी नक्कल नाही, 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे' असं स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायला नको. ज्या अर्जाला टाचणी लागत नाही तो अर्ज मंजूर कसा होतो, हे मला अजून उलगडलेलं नाही. फी तीस पौंडांच्या आत. आणि सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे तो अर्ज सबंध वेळ एकट्या मुलाशी बोलतो. तुला काय आवडतं, तुझं काय मत आहे, तू काय केलंस. आमच्याकडे मुलाने एकट्याने काही करायची पद्धत नाही. मुंजीपासून मोबाइलच्या खरेदीपर्यंत निर्णय बैठकीत होतात. त्यामुळे अर्ज चेल्टनहॅमला गेला तो गेला, पण बैठक पेणला बसली, आणि चांगली सहा-सात महिने बसली.

पहिली बैठक पाच नावांवर. एका अर्जात पाच ठिकाणं निवडता येतात. वैद्यकीयला जायचं असेल तर त्यातली चारच. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्हीकडे एका वर्षी अर्ज करता येत नाही, दोघांपैकी एकच निवडायचं. 'हे बरोबर नाही,' असं शेजारचे काका म्हणाले. त्यांचा यात काही संबंध नव्हता, पण ते बैठकीला होते. आणखी एक गंमत अशी की आपण आणखी कुठे कुठे अर्ज केलाय, हे त्या पाचांतल्या कुणालाही आपलं ठरेपर्यंत कळत नाही. स्थळं बघताना ही सोय असती तर आमच्या तालुक्यातली निम्मी भांडणं झालीच नसती.

भाच्याला मटेरिअल सायन्स शिकायचं होतं. म्हणजे काय, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, सगळे थेट गावांच्या नावांवर उतरले. त्याच्या यादीत स्वान्सी होतं. त्या बाजूला पोर्ट टालबोटला टाटांचं पोलाद असल्याचं कळताच भावोजी म्हणाले, "मग राहू दे. टाटा आहेत तिथे." मँचेस्टर होतं. तिथल्या विद्यापीठात २००४ साली ग्राफीन वेगळं काढलं, पेन्सिलीतल्या शिशावर चिकटपट्टी लावून, असं भाच्याने सांगितलं. घरातल्या आत्याबाईंना ते पटलं नाही. चिकटपट्टीने काही होत असतं तर आमच्या छपराची गळती केव्हाच थांबली असती, असं त्यांचं म्हणणं. शेफील्डला मात्र त्यांनी तिथल्या तिथे कौल दिला. स्टेनलेस स्टीलचा शोध तिथल्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली लावला, एवढंच भाच्याने सांगितलं होतं. त्या उठल्या, मांडणीवरचा लग्नातला डबा काढला, पदराने पुसला आणि भाच्याच्या पुढ्यात ठेवला. डब्याच्या पोटावर टिंबाटिंबांनी त्यांच्या काकांचं नाव घातलेलं, खाली 'सप्रेम भेट' आणि साल. "चाळीस वर्षं झाली. एक डाग नाही," त्या म्हणाल्या. विद्यापीठाची पारख करायची ही रीत मला पुस्तिकेतल्या चकचकीत फोटोंपेक्षा वाईट वाटली नाही.

रोहा आणि पेणमधली जुनी ठसठस बाहेर पडायलाही इथेच निमित्त मिळालं. रोह्यात कुणी परदेशी शिकायला जायचं नुसतं म्हटलं की चिंतामणराव देशमुख मध्ये येतातच. त्यांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा, पण घर रोह्याचं. १९१२ ला मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. मग केंब्रिजचं जीझस कॉलेज, १९१७ ला निसर्गविज्ञानाची पदवी, वर वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक. १९१८ ला आय.सी.एस.च्या परीक्षेत पुन्हा पहिले. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री. हे सगळं मी भाच्याला सांगितलं. रोहेकर मामाचं ते कर्तव्यच आहे. सांगून झाल्यावर पोराचा चेहरा पडला, तोही दर वेळी पडतो. परीक्षेत एकदाही दुसरा न आलेला माणूस ज्या गावाला लाभतो, त्या गावातल्या पोरांचं बालपण सोपं नसतं.

भावोजी पेणचे. ते शांतपणे म्हणाले, "आमच्या तालुक्यातल्या माणसाने सर्टिफिकिटं जाळली होती." हे गागोद्याचे विनोबा. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला जायचं सोडून ते वाटेतच काशीकडे वळले, आणि आपली प्रमाणपत्रं त्यांनी विस्तवात घातली. दोघांच्या जन्मात चार महिन्यांचंच अंतर आहे. एक १८९५ च्या सप्टेंबरमधला, दुसरा १८९६ च्या जानेवारीतला, दोघे तेव्हाच्या एकाच कुलाबा जिल्ह्यातले. एकाने कागद जाळले, दुसऱ्याने त्याच्या पुढच्याच वर्षी केंब्रिजहून नवे आणले. भावोजींना विनोबांचा त्याग त्या वर्षात फार आठवायला लागला होता. खर्चाचा अंदाज आल्यापासून, असं ताईचं निदान. खुद्द त्यांच्या घरी मुलाचं बालवाडीचं 'उत्कृष्ट पोशाख' हे प्रशस्तिपत्रसुद्धा लॅमिनेट करून ठेवलेलं आहे.

खरी परीक्षा होती ती स्वतःबद्दल लिहायची. पूर्वी तिथे एक सलग निबंध असे. २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्न झालेत. हाच विषय का? आतापर्यंतच्या शिक्षणाने त्याची तयारी कशी झाली? आणि शाळा-कॉलेजबाहेर काय केलं, त्याचा उपयोग काय? तिन्ही मिळून अक्षरं चार हजार, मधल्या मोकळ्या जागा धरून. प्रत्येक उत्तर किमान साडेतीनशे अक्षरांचं. पाचही विद्यापीठांना हाच मजकूर जातो, म्हणून एकाचंही नाव घालून स्तुती करता येत नाही. सगळी स्तुती स्वतःची. आता आपल्याकडे स्वतःची स्तुती स्वतः करणं हे वाह्यातपणाचं लक्षण. ते काम दुसऱ्यांनी करायचं असतं, शक्यतो मुलगा आतल्या खोलीत असताना. भाच्याने पहिल्यांदा लिहिलं ते अक्षरशः असं होतं : मला हा विषय बऱ्यापैकी आवडतो.

मग बैठकीने लेखणी हातात घेतली. आत्याबाईंना 'आदरणीय महोदय' हवं होतं. काकांना आजोबांचा गोवामुक्तीतला सहभाग घालायचा होता. तो आजोबांनी स्वतः कधी सांगितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ताईला एवढंच वाटत होतं की याला कांदा चालत नाही हे कुठेतरी यावं. चार हजार अक्षरं पहिल्या संध्याकाळीच संपली, आणि विषय अजून आलाच नव्हता.

शेवटी पनवेलच्या एका सल्लागाराकडे गेलो. त्यांनी तयार नमुना दिला. नेतृत्वगुण, संघभावना, लहानपणापासून विज्ञानाची ओढ. वाचताना वाटलं, हा मुलगा आपल्या ओळखीचा नाही, पण निवडणुकीला उभा राहिला तर पडायचा नाही. भाच्याने तो नमुना घडी करून खिशात ठेवला आणि घरी येताना आम्हाला एक गोष्ट सांगितली. २००७ च्या सुमारास युकासने हजारो अर्जांमधले मजकूर एकमेकांशी ताडून पाहिले. तर २३४ जणांच्या आयुष्यात एकच प्रसंग घडलेला : आठव्या वाढदिवसाला रसायनशास्त्राचा खेळ मिळाला आणि प्रयोग करताना पायजम्याला भोक पडलं. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी उतरवलं. तेव्हापासून तिथे नकला पकडायची यंत्रणा आहे. दोनशे चौतीस जळके पायजमे! विनोबांनी कागद जाळले, त्याच्या मागे निदान काही विचार होता, असं भावोजी म्हणाले.

"मग तुझं खरं काय आहे?" मी विचारलं. आम्ही कारखान्यात उभे होतो. आखणीचं काम चाललं होतं. आखणी म्हणजे डोळे काढणं, सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात मानाचं काम. कारागीर पंखा बंद करायला लावतो. बारीक ब्रश ओठांनी टोकदार करतो, श्वास धरतो, आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढतो. मग बुबुळ. मग बुबुळात एक पांढरा थेंब, मोहरीहून लहान. तो पडला की इतका वेळ मातीचा असलेला ऐवज आपल्याकडे बघायला लागतो. तोवर कुणी बोलत नाही, मोबाइलसुद्धा नाही. गेली दोन वर्षं घरातल्या छोट्या मूर्तींची आखणी भाचा करतो. ते त्याने अर्जात लिहिलंच नव्हतं. म्हणाला, "त्यात काय लिहायचं मामा? ते तर घरचं काम."

आणि त्याचा प्रश्न तिथेच, पाटावर होता. शाडू सुकताना तडकते, प्लास्टर तडकत नाही, असं का? सातवीत असताना त्याने हे विचारलं होतं, तेव्हा 'तू पितांबर रंगव' असं उत्तर मिळालं होतं. आता त्याने मला दोन मूर्ती शेजारी ठेवून दाखवलं. शाडू पाणी सोडून सुकते. पाणी गेलं की ती आक्रसते. पोट जाड, ते सावकाश सुकतं. सोंड बारीक, ती आधी सुकते. दोघांची ओढाताण होते आणि सोंडेच्या वळणाशी केसासारखी चीर पडते. प्लास्टरचं उलटं. ते पाणी आत घेतं, त्या पाण्याशी त्याचे स्फटिक होतात, म्हणून घटकाभरात घट्ट होतं आणि हाताला कोमट लागतं. पण हेच प्लास्टर विसर्जनानंतर विरघळायचं नाव घेत नाही, शाडू मात्र पाण्यात सुटते. दोन्हींचे गुण एका मातीत आणता येतील का, हे त्याला शोधायचं होतं. मी म्हटलं, "हे लिही." त्याने एका रात्रीत लिहिलं, आणि अक्षरं उरली.

शिफारसपत्राचा मुक्काम लहान, पण अवघड. कॉलेजच्या सरांनी मुलाबद्दल लिहायचं आणि बारावीत किती गुण पडतील तेही आधीच सांगायचं. सर जुन्या वळणाचे. "लागलेला निकाल मी सांगीन," ते म्हणाले, "न लागलेला कसा सांगू? उद्या बोर्डाने विचारलं तर?" आमच्याकडच्या दाखल्यात आजवर 'वर्तणूक चांगली' या दोन शब्दांत विद्यार्थी आटपत आला आहे. त्याला वर्गात कोणते प्रश्न पडायचे, हे लिहायला इंग्रजांनी सांगितलं, तेव्हा सरांनी प्रथमच भाच्याला समोर बसवून तासभर गप्पा मारल्या. मग टक्क्यांचा आकडा टाकला, आणि टाकल्यावर त्याला नमस्कार केला. शिवाय इंग्रजी येतं हे दाखवायला आयेल्ट्सची परीक्षा. तिच्या तोंडी भागात मिनिटभर विचार करून दोन मिनिटं बोलायचं असतं. पेणच्या एस.टी. स्टँडवर वाढलेल्या मुलाला दोन मिनिटं म्हणजे प्रस्तावनासुद्धा नव्हे. ती परीक्षा तो बसता बसता पास झाला.

अर्जाची शेवटची तारीख होती १४ जानेवारी. म्हणजे संक्रांत, आणि चिंतामणरावांची जयंती. मी हे दोनदा बोलून दाखवलं, कुणी दाद दिली नाही. वेळ ब्रिटनमधली संध्याकाळी सहाची, म्हणजे आपली रात्रीची साडेअकरा. पाठवा हे बटण दाबायला मुहूर्त हवा असा आग्रह निघाला. पंचांग आलं. संध्याकाळभर हळदीकुंकवाला येणारी प्रत्येक बाई तिळगूळ घेऊन जाता जाता पडद्यावर वाकून बघून गेली. एकीने स्पेलिंगची चूक काढली, ती खरी निघाली. दहाला वीज गेली. पेणला ती अशा वेळी जातेच. मोबाइलच्या नेटवर, इन्व्हर्टरच्या उजेडात, भाच्याने अर्ज पाठवला. मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी हात जोडले. मी सवयीने पोचपावती मागितली. ती ईमेलवर आली. शिक्का नव्हता.

त्यानंतर पैशाचा विषय निघाला. तो व्हिसाच्या वेळी लागणार होता, पण पेणच्या माणसाला आधीच झोप लागत नाही. लंडनबाहेर राहायचं तर खर्चापोटी दरमहा १,१७१ पौंड, असे नऊ महिन्यांचे १०,५३९, आणि पहिल्या वर्षाची फी वेगळी. ही सगळी रक्कम खात्यात सलग २८ दिवस हवी. एक दिवससुद्धा खाली उतरली की संपलं. शिवाय आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड, आणि फुप्फुसं स्वच्छ असल्याचा क्षयरोगाचा दाखला. आता गणपतीच्या कारखानदाराचा पैसा खात्यात नसतो, पाटावर बसलेला असतो. माती, रंग, मजुरी, सगळं वर्षभर उधार-उसनवारीवर चालतं आणि भाद्रपदात एकदम येतं. २०२६ ला अधिक ज्येष्ठ, म्हणून चतुर्थी थेट १४ सप्टेंबरला. कॉलेज त्याच महिन्यात सुरू. म्हणजे ज्या दिवसांत भावोजींच्या खात्यात खडखडाट असतो, नेमके तेच अठ्ठावीस दिवस साहेब बघणार.

"आणि ठेवायचे कुठे? बँकेत?" भावोजींनी विचारलं. यात विनोद नव्हता. २०१० साली गावातल्या एका अर्बन बँकेवर निर्बंध आले आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. तेव्हापासून पेणमध्ये पैसे ठेवायला किती दिवस लागतात यापेक्षा ते परत मिळायला किती वर्षं लागतात, हा प्रश्न पहिला येतो. शेवटी शैक्षणिक कर्जाची वाट निघाली. मान्यताप्राप्त बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र व्हिसाला चालतं, आणि त्याला अठ्ठावीस दिवसांची अट नाही. भावोजी बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते. "म्हणजे स्वतःचे असले तर महिनाभर संशय," ते म्हणाले, "आणि दुसऱ्याचे असले तर लगेच विश्वास." मग त्यांनी जन्मात पहिल्यांदा इंग्रजांच्या व्यापारी बुद्धीबद्दल आदराने उद्गार काढले.

उत्तरं बारावीच्या परीक्षेच्या आगेमागे यायला लागली. यादीतल्या लंडनवाल्यांनी नकार कळवला. बाकीच्यांतून दोन कामाची निघाली, शेफील्ड आणि मँचेस्टर, दोन्ही सशर्त : बारावीला अमुक टक्के पडले तर जागा तुझी. अशा वेळी एक पक्की निवड कळवायची असते आणि एक राखीव. राखीव निवडीला ते लोक इन्शुरन्स म्हणतात. हा शब्द भावोजींनी फोनवर उच्चारला आणि अर्ध्या तासात गल्लीतले विमा एजंट फाइल घेऊन हजर झाले. त्यांना समजावेपर्यंत चहा झाला. चहा झाल्यावर त्यांनीही मत दिलं, मँचेस्टर. क्रिकेटमुळे.

मग कायमची बैठक बसली. आत्याबाई शेफील्ड. काका मँचेस्टर, कारण तिथे विमान उतरतं. ताईचं म्हणणं, पाऊस कुठे कमी? दोन्हीकडे आहेच, असं कळल्यावर ती म्हणाली, मग काय, पेणच म्हणा. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर मतदान घेतलं, त्यात अंबरनाथच्या मावशींनी दोन्हीला मत दिलं. भावोजी अध्यक्षस्थानी असल्याने बोलत नव्हते. चैत्र उलटला. मी दर रविवारी रोह्याहून यायचो आणि दर रविवारी मुद्दे नव्याने सुरू व्हायचे.

अशाच एका रविवारी मी मागे कारखान्यात गेलो. भाचा शाडू मळत होता. "अरे, तुला काय वाटतं ते तरी बोल," मी म्हटलं.

"मी कळवलं मामा. मागच्या महिन्यातच. शेफील्ड पक्कं, मँचेस्टर राखीव."

"आणि घरात?"

"आईला सांगितलंय." त्याने मातीचा गोळा पाटावर आपटला. "बाकीच्यांना कशाला? त्यांचं छान चाललंय."

खरोखरच छान चाललं होतं. पोहे आले होते, आत्याबाईंनी डबा पुन्हा खाली काढला होता आणि पलीकडच्या बाजूला काका एकटे पडले होते. मी हात धुतले, बशी घेतली आणि मँचेस्टरच्या बाजूने बोलायला सुरुवात केली. तिकडे माणसं कमी पडत होती.